मऊ, गडद सुरासाठी ट्रम्पेटचा माउथपीस
ट्रम्पेटचा सूर मऊ आणि गडद हवा असेल तर नवं वाद्य घेण्याआधी माउथपीस बदलून पाहावा. बोटभर लांबीचा हा तुकडा सुराचा रंग पुष्कळ बदलतो.

ओठ टेकतात तो काठ म्हणजे रिम. आतली वाटी म्हणजे कप. वाटीच्या तळाशी असलेलं छिद्र म्हणजे थ्रोट आणि त्यापुढे रुंदावत जाणारी पोकळी म्हणजे बॅकबोअर. वाद्यात बसणाऱ्या टोकाला शँक म्हणतात.

या सगळ्यांत रंग ठरवण्यात कपाचा वाटा मोठा. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून स्वयंभू गंधारही ऐकू येतो. ट्रम्पेटच्या प्रत्येक सुरातही असे स्वयंभू स्वर असतात. वरचे स्वर ठळक झाले की सूर झळाळतो, टोकदार होतो. ते दबले की गडद होतो. कपातली हवा आणि थ्रोट मिळून माउथपीसची स्वतःची एक कंपनसंख्या ठरते. रिम तळहातावर हलकेच आपटा. ‘पॉक्’ असा जो आवाज येतो, तो या कंपनसंख्येचाच. तिच्या आसपासच्या स्वरांना माउथपीस उचलून धरतो. कप खोल असला की हा ‘पॉक्’ खाली उतरतो आणि अगदी वरच्या स्वरांचा आधार कमी होतो. उथळ आणि खोल असे दोन माउथपीस आलटूनपालटून आपटले, तर न वाजवताही फरक कानाला कळतो.

खोलीइतकाच आकारही महत्त्वाचा. कप थ्रोटकडे वळतो तिथली धार तीक्ष्ण असेल तर सुराला कडकपणा येतो. ती गोलसर असेल किंवा कप नरसाळ्यासारखा निमुळता असेल तर सूर मवाळ होतो. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस वापरत असे तो हाइम माउथपीसही खोल, निमुळत्या कपाचाच.

आता आकडे. व्हिन्सेंट बाख यांनी 1918 मध्ये न्यूयॉर्कला माउथपीस बनवायला सुरुवात केली. त्यांची क्रमांकपद्धत आजही पुष्कळ ठिकाणी चालते. तिच्यात अंक लहान तितका कपाचा व्यास मोठा, आणि ए अक्षर सर्वांत खोल कपाचं. डी, ई उथळ. यामाहाचं नेमकं उलट: अंक वाढला की व्यास वाढतो, आणि ए सर्वांत उथळ. म्हणून बाखचा ‘बी’ हा ‘सी’पेक्षा खोल, तर यामाहाचा ‘बी’ हा ‘सी’पेक्षा उथळ. मागवताना इथे हमखास फसगत होते.

शिकणाऱ्यांकडे बहुधा बाख 7सी किंवा त्याच्या जवळपासचा यामाहा 11बी4 असतो. गडद सुरासाठी अनेक जण थेट रुंद 1सीकडे धावतात. मला ते पटत नाही. व्यास वाढला की सूर भरदार होतो खरा, पण ओठांच्या स्नायूंवरचा भार एकदम वाढतो. ओठांना सवय असलेला व्यास तोच ठेवावा आणि फक्त खोली वाढवावी: 7सीवरून 7बी. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कशाने काय झालं ते कळतं.

थ्रोट आणि बॅकबोअर रुंद केले तर सूर पसरट होतो, पण दमसास जास्त लागतो. बाखचा नेहमीचा थ्रोट 27 नंबरच्या ड्रिलचा, म्हणजे 3.66 मिलिमीटरचा, 24 नंबरचा 3.86चा. फरक दिसायला किरकोळ, वाजवताना मोठा. आणि भोक मोठं केलं की ते परत लहान होत नाही, म्हणून हातातल्या माउथपीसवर हा प्रयोग करू नये. सोन्याचा मुलामा ओठांना सुखावतो. सुराच्या गडदपणासाठी मात्र त्यावर पैसे घालू नयेत.

खोल कपाची किंमत मोजावी लागते. वरच्या सप्तकातले सूर उतरू लागतात आणि ते काढायला कष्टही जास्त पडतात. म्हणून ट्यूनर समोर ठेवून वरच्या पट्टीतलं एखादं संथ गाणं वाजवून पाहावं, आणि तेही रियाजाच्या शेवटी, ओठ थकलेले असताना. वाद्याचं तोंड आपल्यापासून दूर असतं, त्यामुळे वाजवणाऱ्याला खरा रंग नीट ऐकू येत नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला फोन ठेवून जुन्या-नव्या माउथपीसवर तीच ओळ ध्वनिमुद्रित करावी.

एवढं करूनही हवा तो मऊपणा मिळाला नाही, तर तो सूर बहुधा फ्लूगलहॉर्नचा आहे. त्याची नळी बरीचशी शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणूनच तो इतका मवाळ वाजतो. त्याचा माउथपीस ट्रम्पेटमध्ये खुपसून पाहू नये. दोन्हींचे शँक वेगळ्या मापाचे असतात.