भीतीची मात्रा

परीक्षेस निघालेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून "घाबरू नकोस" असे आपण सारेच म्हणतो. हा उपदेश सर्वांस सारखाच हितकर असतो काय, याचा विचार मात्र क्वचितच होतो. मास्तरकीच्या उमेदीत मीही तो केला नव्हता.

सन १९०८ मध्ये यर्क्स व डॉडसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांस काळ्या व पांढऱ्या पेटीतील भेद शिकविला. चुकल्यास विजेचा झटका बसे. भेद ओळखणे सोपे असता तीव्र झटक्याने ते लवकर शिकले. तोच कठीण करताच मध्यम झटका अधिक गुणकारी ठरला. धाकाची मात्रा कामाच्या मानाने असावी, हा याचा इत्यर्थ.

माणसाच्या बाबतीत कामाबरोबर स्वभावही पाहावा लागतो. १९८६ साली ज्यूली नोरेम व नॅन्सी कँटर या विदुषींनी दाखविले की, कित्येक हुशार विद्यार्थी अपयश आधीच कल्पितात आणि त्या काळजीपोटीच कसून तयारी करतात. अशांना "तुम्हांला उत्तम साधेल" असा धीर दिला असता त्यांचे काम उलट बिघडते.

हे मला फार उशिरा कळले. माझ्या वर्गात दोन मुलगे होते. एक महिनाभर आधीपासून "मी नापास होणार" असे घोकी आणि शंका येईल तेथे टाचण करी. दुसरा गप्प बसे. आवाज चढताच मुखोद्गत असलेले 'राम' शब्दाचे रूपही त्यास आठवेना. मी पहिल्याची थट्टा करून त्यास निश्चिंत केले व दुसऱ्यास आळशी समजून दरडाविले. पहिल्याचे गुण घसरले. दुसऱ्याने शाळाच सोडली.

भरतमुनींनी शंका, चिंता, त्रास यांस व्यभिचारी भाव म्हटले आहे. ते येतात नि जातात, आणि ज्या स्थायी भावाच्या आश्रयास येतात त्याप्रमाणे त्यांचे कार्य होते. घरातही हेच पाहावे. काळजी मुलास पुस्तकाकडे नेते की पुस्तकापासून दूर? जवळ नेत असेल, तर तिला हसू नये; तिचा पाढा शांतपणे ऐकून घ्यावा. दूर नेत असेल, तर धाक आवरावा व अभ्यासाचे लहान लहान भाग करून द्यावे.

प्रकृती पाहिल्यावाचून वैद्य मात्रा देत नाही. आम्ही मास्तर आणि आईबाप मात्र बिनदिक्कत देतो.