जुन्या शर्यती चारचाकी फटफटी : संग्रह व पुनर्बांधणी

जुन्या वस्तूंचा संग्रह म्हटला म्हणजे नाणीं, टपालाचीं तिकिटें, फार तर भिंतीवरचीं घड्याळें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु अमेरिकेंत व युरोपांत असाही एक संग्राहकवर्ग आहे कीं, जो चिखलानें माखलेलीं, गंजलेलीं व मोडकळीस आलेलीं शर्यतीचीं चारचाकी वाहनें हुडकून काढतो, त्यांचा खिळान् खिळा सुटा करतो आणि तीं पुन्हा धांवतीं करतो. ह्या वाहनास 'क्वाड बाइक' असें म्हणतात. आपण त्यास चारचाकी फटफटी म्हणूं. प्रथमदर्शनीं हा छंद कोणास धनिकांचा पोरखेळ वाटेल. परंतु थोडें खोल जाऊन पाहिलें असतां मापन, इतिहास व सचोटी ह्या तिहींचे धडे त्यांत सांपडतात.

हें वाहन असतें तरी कसें? घोड्यावर बसावें तसें त्यावर बसावयाचें असतें व दिशा बदलण्यास फटफटीसारखेंच हँडल असतें. टायर रुंद, फुगीर व अगदीं कमी हवेचे असल्यामुळें तें वाळूंत वा चिखलांत सहसा रुतत नाहीं. वेग वाढविण्यासाठीं उजव्या हाताच्या आंगठ्यानें एक छोटा खटका दाबावा लागतो. शर्यतीच्या गाडींत मागचीं दोन्ही चाकें एकाच अखंड आंसावर बसविलेलीं असतात. मोटारगाडी वळतांना बाहेरच्या चाकास अधिक अंतर तोडावें लागतें, म्हणून तिच्या आंसांत दोन चाकांना निरनिराळ्या गतीनें फिरूं देणारी योजना असते. येथें ती नाहीं. म्हणून वळणावर स्वारास आपलें अंग हलवून आंतल्या चाकावरील भार हलका करावा लागतो. तात्पर्य, स्वार हा येथें केवळ बसणारा नसून यंत्राचाच एक भाग होतो.

ह्या वाहनाचा इतिहास फार जुना नाहीं. हिंवाळ्यांत फटफटी खपत नाहींत, तेव्हां बर्फावर व चिखलावरही चालेल असें कांहींतरी होंडा कंपनीच्या अमेरिकेंतील विक्रेत्यांस हवें होतें. ओसामु ताकेउची ह्या जपानी अभियंत्यानें फुगीर टायरांचें एक तीनचाकी वाहन सिद्ध केलें व १९७० सालीं तें विक्रीस आलें. १९८२ सालीं सुझुकी कंपनीनें त्यास चौथें चाक जोडलें. मग शर्यतीच्या हौसेनें पेट घेतला. १९८५ सालीं सुझुकीची 'क्वाडरेसर २५०' आली. १९८६ सालीं होंडाची 'टीआरएक्स २५०आर' आली. १९८७ सालीं यामाहाची 'बॅन्शी' व सुझुकीची ५०० सी. सी. वर्गांतील एक अचाट गाडी आली. ह्या साऱ्या टू-स्ट्रोक एंजिनाच्या, वजनानें हलक्या व स्वभावानें तापट अशा होत्या. आज संग्राहक ज्यांच्या शोधांत फिरतात त्या मुख्यतः ह्याच.

पण ह्या वैभवाला एक काळी बाजूही होती. तीनचाकी वाहनें वळणावर उलटत. चारचाकी वाहनेंही निष्काळजी हातीं घातकच ठरत. आणि अपघातांत दगावलेल्यांत व जायबंदी झालेल्यांत लहान मुलांचा भरणा मोठा होता. अखेर १९८८ सालीं अमेरिकन सरकार व वाहनें बनविणाऱ्या पांच कंपन्या ह्यांच्यांत न्यायालयामार्फत करार झाला. नवीं तीनचाकी वाहनें विकणें बंद झालें. शिकवणीची सोय करणें आलें. आणि ९० सी. सी. हून मोठें वाहन सोळा वर्षांखालील मुलामुलींसाठीं विकावयाचें नाहीं असें ठरलें. होंडाची २५०आर १९८९ सालानंतर, तर सुझुकीची क्वाडरेसर २५० ही १९९२ सालानंतर निघाली नाहीं. बॅन्शी मात्र अमेरिकेंत २००६ सालापर्यंत मिळत असे. ज्या गाड्या थोडींच वर्षें निघाल्या व शर्यतींत निर्दयपणें वापरल्या गेल्या, त्या आज दुर्मिळ होणार हें उघडच आहे.

आतां पुनर्बांधणीकडे वळूं. चांगला कारागीर पहिला पाना लावण्यापूर्वीं गाडीचीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घेतो. मग एकेक भाग सुटा करून त्याचे नट, बोल्ट व वॉशर निरनिराळ्या डब्यांत चिठ्ठी लावून ठेवतो. सांगाड्यावरील जुना रंग खरवडून काढला म्हणजे त्याच्या नळ्यांचें खरें रूप दिसतें. पुढच्या चाकांचे दांडे जेथें सांगाड्यास जडतात तेथें उड्यांचे हादरे सर्वांत जास्त बसतात. म्हणून तेथील सांधे भिंग लावून तपासावे लागतात. रंगाखालीं बारीक तडा राहिली तर ती पुढच्या उडीस दगा देणार, हें निश्चित.

एंजिनाचें काम त्याहून नाजूक आहे. टू-स्ट्रोक एंजिनांत क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यास एकदां स्फोट होतो. ताजी हवा व पेट्रोल प्रथम क्रँकच्या पेटींत शिरतें व तेथून दट्ट्या तें वर ढकलतो. म्हणजे ती पेटी पंपाचेंच काम करते. म्हणून ती पूर्णपणें हवाबंद असावी लागते. बाजूचें रबरी सील झिजलें कीं नको असलेली हवा आंत शिरते, पेट्रोलाचें प्रमाण घटतें, उष्णता वाढते, दट्ट्या फुगतो आणि भर वेगांत सिलिंडरला चिकटून बसतो. हें टाळण्यासाठीं जुळणी झाल्यावर एंजिनाचीं तोंडें बंद करून आंत थोड्या दाबानें हवा भरतात व कांहीं मिनिटें दाबमापकाच्या कांट्याकडे पाहत बसतात. कांटा खालीं आला तर कोठें तरी गळती आहे. साबणाचें पाणी लावलें कीं बुडबुडे ती जागा दाखवितात. युक्ति किती साधी, पण तिच्यावर साऱ्या एंजिनाचें आयुष्य अवलंबून असतें!

मापाचेंही तसेंच. होंडाच्या २५०आर गाडीच्या सिलिंडरचा व्यास मुळांत ६६ मिलिमीटर असतो. दट्ट्या व सिलिंडर ह्यांमधील मोकळी जागा मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी लागते. ती माणसाच्या केसाच्या जाडीएवढीच असते. सिलिंडर झिजला कीं तो लेथवाल्याकडून किंचित् मोठा करून घेतात व पाव मिलिमीटरनें मोठा दट्ट्या घालतात. म्हणजे ६६ चे सव्वासहासष्ट, मग साडेसहासष्ट. प्रत्येक वेळीं धातु थोडी कमी होते; म्हणून जुन्या सिलिंडरचें माप घेतलें कीं त्याचे किती जन्म होऊन गेले तें कळतें. डोळ्यांनीं पाहून 'ठीक दिसतें' असें म्हणणारा येथें फसतो. जो मायक्रोमीटर लावून पाहतो तोच टिकतो.

ह्या विद्येचा आपल्या देशाशीं एक नातेसंबंध आहे. १९८३ सालापासून भारतांत 'राजदूत ३५०' नांवाची फटफटी बनूं लागली. आपल्यापैकीं कित्येकांच्या वडिलांस वा काकांस तिचा आवाज अजून आठवत असेल. ती यामाहाच्या आरडी ३५० ह्या गाडीवरून घेतलेली होती. बॅन्शीचें एंजिन त्याच घराण्यांतलें. दोहोंत दोन सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६४ मिलिमीटर व दट्ट्याची धांव ५४ मिलिमीटर, आणि एकूण माप ३४७ सी. सी. भेद इतकाच कीं, राजदूत हवेनें थंड होई, तर बॅन्शी पाण्यानें. ज्या मिस्त्रीनें राजदूत उघडून पुन्हा जुळविली असेल त्यास बॅन्शीचें पोट अगदींच परकें वाटावयाचें नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. पुनर्बांधणी म्हणजे नक्की काय परत आणावयाचें? साधी गाडी असेल तर उत्तर सोपें आहे : कारखान्यांतून निघाली तशी ती करावी. परंतु शर्यतीची गाडी तशी राहिलेलीच नसते. तिच्या पहिल्याच धन्यानें रुंद आंस बसविला, पुढचे दांडे लांब केले, धुराडें बदललें, क्वचित् सांगाडाही दुसऱ्या कारागिराकडून करवून घेतला. हे बदल म्हणजे तिची मोडतोड नव्हे, तर तिचें चरित्रच होय. कोणी संग्राहक ते काढून टाकून ती कोरी करतात. कोणी ओरखड्यांसह ते जपतात. माझ्या मतें दोन्ही मार्ग मान्य आहेत. अट एकच, जें केलें तें लिहून ठेवावें. कोणता भाग मूळचा, कोणता त्याच काळांतला पण दुसऱ्या गाडीचा आणि कोणता आज नव्यानें घडविलेला, ह्याची वही गाडीबरोबर असली पाहिजे. जुन्या नमुन्याचीं नवीं मडगार्डें व चिकटचित्रें आज विकत मिळतात. तीं लावण्यांत कमीपणा नाहीं. मात्र सामान्य गाडीवर तीं चढवून 'ही अमक्या शर्यतींतली' असें सांगणें ही शुद्ध लबाडी होय. सांगाड्यावरचा क्रमांक खोडणें तर गुन्हाच.

एका बाबतींत मात्र जुनेपणाचा मोह कटाक्षानें टाळावा. ब्रेक, आंस, चाकांचीं बेअरिंगें व तडा गेलेले सांधे हे भाग स्मारक म्हणून जपावयाचे नसतात. ते काढून फळीवर ठेवावे व गाडींत नवे घालावे. ज्या भागावर मनुष्याचा जीव अवलंबून आहे त्याचें मोल त्याच्या वयानें ठरत नाहीं.

पालकांसही दोन शब्द सांगणें अगत्याचें वाटतें. कोंकणच्या किनाऱ्यावर सुटीच्या दिवसांत अशा जातीचीं वाहनें भाड्यानें फिरवावयास मिळतात. तीं शर्यतीचीं नसलीं तरी खेळणीं खासच नव्हत. १९८८ सालच्या करारांतील वयाची अट कोणाच्या लहरीनें आली नव्हती. अनेक घरांतील शोकांतून ती निघाली होती. मुलास वाहनावर बसवितांना त्याचें वय, डोक्यावरचें शिरस्त्राण आणि देखरेख करणारा जाणता मनुष्य ह्या तीन गोष्टी पाहिल्यावांचून संमति देऊं नये.

आणि विद्यार्थिमित्रहो, ह्या छंदासाठीं परदेशीं गाडी मिळविण्याची तुम्हांस गरज नाहीं. घरच्या अडगळींत एखादी गंजकी सायकल वा बंद पडलेलें घड्याळ असेल. वडिलांची परवानगी घेऊन तें उघडा. प्रत्येक भाग काढण्याआधीं त्याचें चित्र काढा, माप घ्या व वहींत नोंद करा. मग पुन्हा जुळवा. तें चालूं लागेल तेव्हां आनंद होईलच. परंतु पुढें कोणी विचारलें, 'ह्यांतलें जुनें कोणतें व नवें कोणतें?' तर ती वही न कचरतां त्याच्यापुढें ठेवतां आली पाहिजे. तेवढें साधलें म्हणजे पुनर्बांधणी खरी झाली असें समजा.