वाचनालयाच्या दारातली पाटी

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस आपला जिल्हा दोन शब्दांत वाटून टाकतो: घाटावर आणि घाटाखाली. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर. घाटाखाली खामगाव, शेगाव, मलकापूर, जळगाव जामोद. हवा वेगळी, बोलीचा हेल वेगळा, उन्हाळा तर फारच वेगळा. पण तेरा तालुक्यांतल्या कुठल्याही सार्वजनिक वाचनालयाच्या दारात उभं राहिलं की समोरची पाटी ओळखीची निघते. पत्र्यावर ऑइलपेंटने लिहिलेली, वर 'वाचकांसाठी सूचना', खाली 'आज्ञेवरून'. शांतता राखावी. वर्तमानपत्रं वाचून झाल्यावर जागेवर ठेवावीत. पुस्तकांची पानं दुमडू नयेत, फाडू नयेत, त्यांवर काही लिहू नये. थुंकू नये. पादत्राणं बाहेर काढावीत. मोबाइल बंद ठेवावा. ही ओळ बहुधा मागाहून, वेगळ्या हाताने आणि उरलेल्या जागेत बसवलेली असते.

ही आज्ञा कुणाची, असा प्रश्न वाचकाला पडत नाही. सरकारची असणार, असं तो धरून चालतो. बहुतांशी ती सरकारची नसते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला, १ मे १९६८ पासून लागू झाला आणि मान्यता-अनुदानाचे नियम १९७० मध्ये आले. वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले. कुठल्या वर्गाने किती पुस्तकं, किती नियतकालिकं ठेवायची, दिवसाला किती तास दार उघडं ठेवायचं, हे ठरलं. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून तपासणी होते. दाखल नोंदवही, देवघेवीची नोंद, वर्गणीच्या पावत्या, हिशेब पाहिले जातात. वाचकाने खुर्चीत कसं बसावं, पेपर किती वेळ धरावा, हे मात्र वाचनालय चालवणारी नोंदणीकृत संस्था ठरवते. म्हणजे तिचं कार्यकारी मंडळ: निवृत्त मुख्याध्यापक, एखादे वकील, एखादे व्यापारी, गावातले दोन-चार हौशी वाचक. पाटी त्यांच्या सभेत जन्मते. आणि तिच्यावरच्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे कधीतरी सापडलेला एक गुन्हेगार असतो.

'शब्दकोडं सोडवू नये' हीच ओळ घ्या. बाहेरच्याला ती हास्यास्पद वाटेल. पण मुक्तद्वार वाचनकक्षात पेपर एकच असतो आणि त्याला सकाळपासून रात्रीपर्यंत पन्नास हात लागतात. पहिल्या हाताने पेनाने कोडं भरलं की बाकीच्यांची सकाळ वाया, त्यातून उत्तरं चुकलेली असली तर संताप वेगळाच. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणारा वाचकही याच जातीचा. त्याला पुस्तकाचं नुकसान करायचं नसतं, पुढच्या माणसाचं करायचं असतं.

पेपर वाचण्याचे अलिखित नियम तर पाटीहून जास्त आहेत. पानं सुटी करू नयेत, असं पाटी सांगते. प्रत्यक्षात एकाकडे पहिलं पान, दुसऱ्याकडे खेळाचं, तिसऱ्याकडे कापूस-सोयाबीनच्या बाजारभावाचं, अशी वाटणी न बोलता होते आणि ग्रंथपाल तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करतो. तसंच करावं. एका पेपरावर चार माणसांचं भागत असेल, तर मोडलेला नियम पाळलेल्या नियमापेक्षा कामाचा. मृत्यूची बातमी वाचणाऱ्याला घाई करायची नाही, हेही कुठे लिहिलेलं नाही. आणि घाटाखालच्या मे महिन्यात पंख्याखालची खुर्ची कुणाची, याचा निकाल वयावर लागतो.

शांततेची ओळ सगळ्यांत वर असते, आणि या मुलखात सगळ्यांत उपरी तीच आहे. इथलं वाचन मुळात तोंडाने होणारं. शेगावला गजानन विजय ग्रंथाची पारायणं होतात, एकवीस अध्याय मोठ्याने. पोथी ऐकायची असते. टिळकांच्या काळातला 'केसरी'ही खेड्यांत असाच पोचला: एक वाचणारा, भोवती वीस ऐकणारे. ओठ न हलवता, एकट्याने, नुसत्या डोळ्यांनी वाचायचं, ही सवय शाळा आणि वाचनालय यांनी लावली. त्यामुळे जुन्या पिढीतला एखादा माणूस वाचनकक्षात पुटपुटत अग्रलेख वाचत असेल, तर तो नियम मोडत नसतो, जुना नियम पाळत असतो. त्याला 'आवाज कमी करा ना भाऊ' एवढंच म्हणावं. वाचनालयाचं स्वतःचं सभागृह असलं की हा नियम संध्याकाळपुरता रजेवरही जातो. बुलढाण्यात गर्दे वाचनालयाचं सभागृह सभा-समारंभांसाठी सगळ्या शहराला ठाऊक आहे; छोट्या शहरात वाचनालयांना असं दुहेरी काम करावंच लागतं. आणि खामगाव-जळगाव जामोदला वकिली केलेल्या श्री. कृ. कोल्हटकरांचे विनोदी 'सुदाम्याचे पोहे' हातात असलेल्या माणसाने शांतता कशी राखावी, याची सूचना अजून कुठल्याच पाटीवर आलेली नाही.

'धूम्रपान करू नये' या ओळीला तेवढा कायद्याचा भक्कम आधार आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात 'सार्वजनिक जागे'ची व्याख्या करताना रुग्णालय, न्यायालय, शाळा यांच्या यादीत ग्रंथालयाचं नाव आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून अशा जागांवरची धूम्रपानबंदी नव्या नियमांनी कडक झाली. दंड दोनशे रुपयांपर्यंत, आणि दारात किमान साठ बाय तीस सेंटिमीटरचा फलक सक्तीचा. धुराची भीती ग्रंथालयांना फार जुनी आहे. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात नव्या वाचकाला एक प्रतिज्ञा करावी लागते. पुस्तक बाहेर नेणार नाही, खराब करणार नाही, यांबरोबरच आत आग किंवा ज्योत आणणार-पेटवणार नाही, असं तो कबूल करतो. आपल्याकडची अडचण आगीपेक्षा पुडीची. पुडी तोंडात असलेला वाचक गप्प असतो, म्हणजे पाटीवरची पहिली ओळ तो काटेकोर पाळतो. प्रश्न जिन्याच्या कोपऱ्याचा असतो.

पाटीवरचा माझ्या मते सगळ्यांत वाईट नियम म्हणजे 'कपाटांना हात लावू नये'. अनेक वाचनालयांत अजून चिठ्ठीची पद्धत आहे. यादीच्या वहीतून क्रमांक शोधायचे, चिठ्ठीवर पाच-सहा लिहायचे, खिडकीतून आत द्यायचे. पहिला क्रमांक बाहेर गेलेला, दुसरा बायंडिंगला, तिसरा सापडत नाही, चौथा मिळतो आणि तो आपण नाइलाजाने लिहिलेला असतो. पुस्तक हातात धरून, चाळून, ठेवून देऊन दुसरं काढण्यात जी वाचकाची घडण होते, ती या खिडकीने पिढ्यान्‌पिढ्या अडवली. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतला पहिलाच असा, की पुस्तकं वापरासाठी असतात. चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये साखळीने फळीला बांधलेली जुनी पुस्तकं आजही पाहायला मिळतात. आपल्या कुलूपबंद कपाटाचा हेतू याहून वेगळा नाही.

पण यात ग्रंथपालाला दोष देणं सोपं आणि अन्यायाचं आहे. पुस्तक एकदा दाखल नोंदवहीत चढलं की ते त्याच्या गळ्यात पडतं. तपासणीत सापडलं नाही तर जाब त्याला विचारला जातो. फाटलेलं पुस्तक बाद करायचं तरी रीतसर ठराव, मंजुरी. मानधन असं, की गावातल्या छोट्या वाचनालयात ग्रंथपाल, लिपिक आणि झाडू मारणारा हा एकच माणूस. २०१२ साली महसूल यंत्रणेकडून राज्यातल्या वाचनालयांची पडताळणी झाली, कागदावरच चालणारी वाचनालयं उघडी पडली आणि नव्या मान्यता थांबल्या. त्यानंतर नीट चालणारी वाचनालयंही दप्तराच्या बाबतीत जास्त धास्तावली. धास्तावलेला माणूस किल्ली कमरेलाच ठेवणार. हरवलेल्या पुस्तकाच्या भरपाईचा नियमही याच भीतीतून आलेला. जुन्या कादंबरीवर छापील किंमत पाच रुपये, पुस्तक बाजारात नाही. मग दुप्पट घेतली तरी दहाच रुपये, आणि सभासद दहा रुपये टेकवून मोकळा होतो.

सातारा जिल्ह्यातल्या भिलारमध्ये ४ मे २०१७ पासून उलटा प्रयोग चालू आहे. 'पुस्तकांचं गाव' म्हणून तिथल्या घरांत, लॉजांत, मंदिरात पुस्तकं उघडी ठेवली. कुणीही जावं, उचलावं, बसून वाचावं. मान्य, ते पर्यटनाचं गाव आहे, राज्य शासन पाठीशी आहे, आणि स्ट्रॉबेरीच्या हंगामात येणारा पाहुणा आणि आपला रोजचा वर्गणीदार यांत फरक आहे. तरी एक कपाट उघडं ठेवून पाहायला कुणाचा ठराव लागू नये.

बायकांसाठीची ओळ पाट्यांवर अलीकडे कमी दिसते: 'महिलांसाठी स्वतंत्र बैठक व्यवस्था'. ही व्यवस्था म्हणजे बहुतेक ठिकाणी कोपऱ्यातलं एक बाक. अनेक घरांत सभासदत्व बाईचं आणि पुस्तक बदलायला येणारा मुलगा किंवा नवरा, हे वर्षानुवर्षं चाललं. तिने काय वाचायचं ते निवडायचा तोच. ज्या बुलढाण्यातल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री पुरुष तुलना' छापून पुरुषांनाच जाब विचारला, त्या गावाच्या जिल्ह्यात मुक्तद्वार कक्षात पेपर वाचत बसलेली पन्नाशीची बाई अजून मोजून सापडते, हे कुणी नियम करून घडवलेलं नाही. नियम न करता ते बदलणारही नाही. वेळ, उजेड, स्वच्छ स्वच्छतागृह, या तीन गोष्टी नीट असल्या तर वेगळ्या बाकाची गरज राहत नाही.

गेल्या काही वर्षांत पाटीला खरा धक्का दिला तो अभ्यासिकेने. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा यांची तयारी करणारी मुलं-मुली सकाळी येतात ती रात्री दार लावताना उठतात. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'मधला एकनाथ, शिकून बेकार राहिलेला शेतकऱ्याचा मुलगा, आज असता तर दुपारी दोन वाजता इथेच सापडला असता. अमडापूरच्या या लेखकाला त्या कादंबरीसाठी २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकनाथच्या नंतरची पिढी रांगेत तशीच उभी आहे. या वाचकाला वाचनालयाची पुस्तकं फारशी नको असतात. स्वतःची आणतो. त्याला खुर्ची, दिवा, पंखा आणि चार्जिंगची जागा हवी. 'बाहेरची पुस्तकं आत आणू नयेत' हा जुना नियम त्याच्यापुढे निकालात निघाला. त्याच्या जागी नवे आले: पिशवी किंवा पाण्याची बाटली ठेवून जागा अडवू नये, जेवायला गेल्यावर अर्ध्या तासाने जागा सोडलेली समजली जाईल, गटचर्चा बाहेर. पेपर वाचायला आलेले आजोबा आणि हे तरुण यांच्यात खुर्चीवरून कुरबुरी होतात, आणि दोघांचंही बरोबर असतं.

मोबाइलचं तसंच. फोनवर बोलणाऱ्याला बाहेर काढलंच पाहिजे, त्यात मतभेद नाही. पण भरतीची जाहिरात नखाने फाडून खिशात घालण्याचा जुना उपद्रव कमी होण्याचा मार्ग याच मोबाइलमध्ये आहे. पान फाडण्याऐवजी फोटो काढावा, असं सरळ लिहावं. सरसकट मोबाइलबंदीची ओळ त्या पानांचं नुकसानच करते.

राहिला पाटीवर नसलेला मजकूर. वाचकाची कर्तव्यं दहा-बारा ओळींत येतात, वाचनालयाची एकही येत नाही. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्याबरोबर सरकारी पैशावर पूर्ण वा अंशतः चालणाऱ्या लोकांच्या वापराच्या जागा आहेत. धर्म, जात, लिंग पाहून तिथे कुणाला अडवता येत नाही. अनुदान घेणारं वाचनालय त्यात बसतं. राज्यातल्या उत्कृष्ट ग्रंथालयाला दिला जाणारा पुरस्कार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा आहे, तो उगीच नव्हे. तरी मजुरीवरून परतणारा माणूस दारातल्या पाटीकडे पाहून आत पाऊल टाकायला कचरतो. सभासद नसताना चालेल का, पैसे पडतील का, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. 'नये' हा शब्द मात्र त्याला बारा वेळा वाचायला मिळतो.

तेव्हा जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना विनंती आहे. पाटी जुनी झाली की रंगाऱ्याला तोच मजकूर पुन्हा देऊ नका. एकेक ओळ घेऊन विचारा, की हिने पुढच्या वाचकाचं काही वाचतं का. नसेल तर खोडा. आणि सगळ्यांत वर, 'शांतता राखावी'च्याही आधी, दोन ओळी मोठ्या अक्षरात लिहा: वाचनालय रोज किती ते किती उघडं असतं, आणि इथे बसून पेपर वाचायला कुणालाही पैसे लागत नाहीत.