नवा हेडसेट ठोकण्याआधी

जुन्या स्टीलच्या सायकलसाठी नवा हेडसेट घ्यायचाय? आधी व्हर्नियर कॅलिपर हातात घ्या. जुने कप काढा आणि हेडट्यूबचा आतला व्यास काटकोनात दोन दिशांनी मोजा. आकडे जुळले नाहीत, तर नळी लंबगोल झालीय.

एक इंची हेडसेटमध्येच दोन मापं भेटतात: आयएसओचा कप 30.2 मिमी, जपानी जेआयएसचा 30.0 मिमी. फोर्कवरची बैठक अनुक्रमे 26.4 आणि 27.0. त्यामुळे ‘एक इंची द्या’ एवढं सांगून भागत नाही. भोक कपापेक्षा साधारण 0.1 ते 0.2 मिमी लहान हवं, तरच कप घट्ट बसतो.

मग नळीची टोकं. तिथे रंगाचे थर, गंज असतोच. तो खरवडून काढा. दोन्ही कडा एकमेकींना समांतर नसतील, तर हँडल एका बाजूला जड आणि दुसरीकडे सैल लागतं, बेअरिंगही लवकर जातं. हे काम फेसिंग कटरचं. कानस लावून नीट होईल असं मला तरी वाटत नाही. आणि कार्बनच्या फ्रेमला कटर अजिबात नको!

शेवटी आत ग्रीसचा पातळ हात, आणि हातोड्याऐवजी हेडसेट प्रेस.