दारात वॉरंट आले तर...

रविवारची सकाळ. स्वयंपाकघरात पोहे परतले जात आहेत, मुले अजून अंथरुणात लोळत आहेत, इतक्यात दारावरची घंटी वाजते. दारात हवालदार उभा! 'साहेबांच्या नावाचे वॉरंट आहे,' हे शब्द ऐकताच गृहिणीच्या पायाखालची जमीन सरकते. समोरच्या बिऱ्हाडाचे दार किलकिले होते. आणि गुन्हा काय, तर बदलीपूर्वी जुन्या गावी सिग्नल मोडला, त्याचा दंड भरायचा राहून गेला!

अशी वेळ कोणत्याही सरळमार्गी कुटुंबावर येऊ शकते. चलान भरले नाही की प्रकरण न्यायालयात जाते. समन्स निघते ते जुन्या पत्त्यावर. तारखेला कोणीच हजर राहत नाही, म्हणून वॉरंट निघते. म्हणजे हे वॉरंट दंडापेक्षा गैरहजेरीचे असते. ते भारतात कोठेही बजावता येते आणि रद्द होईपर्यंत किंवा बजावले जाईपर्यंत जिवंत राहते. 'होईल आपोआप जुने' या भ्रमात राहू नये.

अशा वेळी घाबरू नका आणि हुज्जतही घालू नका. वॉरंट दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. ते लेखी असते, त्यावर न्यायाधीशांची सही आणि न्यायालयाचा शिक्का असतो. न्यायालयाचे नाव आणि खटल्याचा क्रमांक लिहून घ्या. वॉरंट जामीनपात्र असेल, तर त्यात लिहिल्याप्रमाणे जामीनदार व जातमुचलका देताच पोलिसांनी सोडले पाहिजे. अजामीनपात्र असेल, तर अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायालयापुढे उभे केले पाहिजे.

वॉरंट निघाल्याचे आधीच कळले, तर पोलिसांची वाट पाहू नका. वकिलामार्फत स्वतःहून हजर व्हा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. बदलीचा हुकूम, इस्पितळाचे कागद, असे जे खरे कारण असेल त्याचा पुरावा जोडा. सरसकट अजामीनपात्र वॉरंट काढू नये, आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली इंदर मोहन गोस्वामी खटल्यात सांगितले आहे.

दंड झाला, पण एकरकमी पैसे नाहीत, तर? केवळ दंडाची शिक्षा झाली असेल आणि तो न भरल्यास कैद सांगितली असेल, तर न्यायालय ३० दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही सवलत कायम आहे. मात्र ती मागावी लागते. दंड थकला तर जंगम मालमत्ता जप्त करण्याचे वॉरंट निघू शकते. ज्या गुन्ह्याला कैदेची शिक्षाच नाही, त्यात ५,००० रुपयांपर्यंतच्या दंडासाठी जास्तीत जास्त दोन महिने साधी कैद होऊ शकते. दंड भरला की ती तिथेच संपते.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत मदत मिळते. हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.

आणखी एक सावधगिरी. 'तुमच्या नावाचे वॉरंट आहे, ताबडतोब पैसे पाठवा,' असा फोन आला तर तो भामट्यांचा समजा. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करीत नाहीत. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

विजेच्या बिलांच्या पावत्या आपण वर्षानुवर्षे जपतो. त्याच फायलीत चलानाची पावतीही ठेवा आणि घर बदलले की वाहनाच्या कागदांवरचा पत्ताही बदलून घ्या. पुढची रविवारची सकाळ पोह्यांच्या वासातच जाईल!