वाडीवरच्या शाळेचा वाढता पट

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगर ही नकाशावर सहज न सापडणारी वस्ती आहे. २०२५ साली मात्र या वस्तीचे नाव जगभरातील शिक्षणक्षेत्रात घेतले गेले. लंडनच्या ‘टी-फोर एज्युकेशन’ या संस्थेतर्फे ‘जगातील सर्वोत्तम शाळा’ हे पुरस्कार पाच गटांत दिले जातात. त्यांपैकी समाजाच्या सहभागासाठी असलेल्या गटात जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेची निवड पहिल्या दहा शाळांत झाली आणि लोकांच्या मतदानाने ठरणारा ‘कम्युनिटी चॉइस’ हा पुरस्कार तिने पटकावला. भरमसाट शुल्क घेणाऱ्या, टोलेजंग इमारतींच्या शाळांचा बोलबाला असलेल्या काळात सरकारी खर्चाने चालणाऱ्या एका मराठी शाळेने हा मान मिळवावा, ही घटना प्रत्येक पालकाने थांबून विचार करावा अशी आहे.

या यशाची खरी किंमत कळण्यासाठी एक आकडा लक्षात घ्यावा लागतो. २०२२ च्या सुमारास या शाळेचा पट अवघ्या तीन विद्यार्थ्यांवर आला होता. शाळा बंद होणार, हे जवळजवळ ठरल्यासारखेच होते. मुख्याध्यापक दत्तात्रय वारे तेथे रुजू झाले, ग्रामस्थ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि थोड्याच वर्षांत तोच पट शंभराच्या पुढे गेला. मुले आणण्यासाठी कोणी जाहिरात केली नव्हती. शेजारच्या घरातील मूल काय शिकून येते, हे पालकांनी डोळ्यांनी पाहिले आणि एकेक नाव हजेरीपटावर चढत गेले.

मुलांनीच मुलांना शिकवावे

या शाळेतील ‘विषयमित्र’ ही पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. एखाद्या मुलाला एखादा विषय चांगला समजला, की तो इतरांचा त्या विषयातील मित्र होतो. गणितात पुढे असलेली मुलगी आपल्याहून मोठ्या मुलालाही भागाकार समजावून देते आणि तोच मुलगा पुढच्या तासाला तिला दुसऱ्या विषयात मदत करतो. येथे वयाचा मान आड येत नाही आणि विचारण्याची लाजही वाटत नाही. शिकवताना शिकवणाऱ्याचेच ज्ञान पक्के होते, हा अनुभव पेढीवर बसणाऱ्या कुटुंबांना नवा नाही. दुकानात नव्याने आलेल्या मुलाला आधीचा मुलगाच मापे, भाव आणि गिऱ्हाइकाशी बोलण्याची रीत शिकवतो. जालिंदरनगरच्या शाळेने हीच साधी गोष्ट वर्गात शिस्तीने वापरली.

याच शिक्षकांचे नाव त्यापूर्वी शिरूर तालुक्यातील शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीशी जोडले गेले होते. त्या लहानशा वाडीतील शेतकऱ्यांनी शाळेसाठी आपली मोलाची जमीन दिली. काचेच्या भिंतींचे, भरपूर उजेडाचे वर्ग उभे राहिले आणि विजेची गरज सूर्यप्रकाशातून भागू लागली. प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागणारी जिल्हा परिषद शाळा म्हणून वाबळेवाडीची ख्याती राज्यभर पसरली. जमिनीचे भाव गगनाला भिडलेल्या त्या औद्योगिक पट्ट्यात शेतकऱ्याने जमीन देणे म्हणजे काय, हे व्यवहार जाणणाऱ्या वाचकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

वाडीवरून अवकाशाकडे

२०२५ साली पुणे जिल्हा परिषदेने आणखी एक पाऊल उचलले. जयंत नारळीकर हे ज्या संस्थेचे संस्थापक संचालक होते, त्या ‘आयुका’ या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेच्या सहकार्याने सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांची टप्प्याटप्प्याने परीक्षा घेण्यात आली. जिल्ह्यातील तालुक्यातालुक्यांतून हजारो मुले तिला बसली. त्यांतून निवडलेल्या ७५ विद्यार्थ्यांपैकी ५० जणांची ‘इस्रो’च्या आणि २५ जणांची अमेरिकेतील ‘नासा’च्या भेटीसाठी निवड झाली. ही मुले शेतकऱ्यांची, शेतमजुरांची आणि छोट्या कारागिरांची आहेत. त्यांच्यातील अनेकांच्या घरी पारपत्र ही वस्तू प्रथमच आली.

निवड झालेल्या मुलांचे कौतुक योग्यच आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे न निवडल्या गेलेल्या हजारो मुलांनीही त्या निमित्ताने ग्रह, तारे, बल आणि गती यांविषयी अधिक वाचले. जिल्ह्यातील दूरच्या शाळेतही अवकाशशास्त्राचा प्रश्न विचारला गेला, ही त्या परीक्षेची मोठी मिळकत होय.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यानेही असाच एक दिवस पाहिला होता. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून धडा ऐकता-पाहता येईल अशी सोय त्यांनी आपल्या शाळेत प्रथम केली आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी ती स्वीकारली. पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांमध्ये वाटून टाकण्याचे ठरवले, तेव्हा त्या निर्णयाचीही चर्चा पुरस्काराइतकीच झाली.

लोकल बोर्डाच्या शाळेचा वारसा

आज साठी-सत्तरीत असलेल्या अनेक व्यापाऱ्यांनी बाराखडी गिरवली ती अशाच शाळांत. त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘लोकल बोर्डाची शाळा’ हा शब्द असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाई आणि त्यातील काही भाग शाळांसाठी राखलेला असे. १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, याकडे लक्ष वेधले आणि किमान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. पुढे १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे आल्या आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर, १ मे १९६२ पासून, जिल्हा परिषदांनी हा भार उचलला.

या वारशात कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्थान मोठे आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीचे काम केले. त्या कामासाठी गावोगाव फिरताना शेतकऱ्यांचे दैन्य आणि अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांसाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढण्याच्या ‘मुष्टिफंडा’तून मुलांचे अन्न उभे राहिले. संस्थेने खेड्यापाड्यांत पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा चालवल्या आणि त्या पुढे सरकारी यंत्रणेकडे सोपवल्या गेल्या. म्हणजे आज जिल्हा परिषदेची म्हणून ओळखली जाणारी एखादी शाळा मुळात गावाने दिलेल्या मूठभर ज्वारीवर उभी राहिलेली असू शकते.

पट घसरतो तेव्हा

या उजळ चित्राला दुसरी बाजूही आहे. गावात थोडा पैसा आला, की पहिली मुले इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत जातात. पिवळी बस वाडीपर्यंत येऊ लागते आणि दोन-चार वर्षांत जिल्हा परिषद शाळेचा पट निम्म्यावर येतो. पट घटला की शिक्षकांची संख्या घटते. एकाच शिक्षकाला चार वर्ग सांभाळावे लागतात आणि तेच कारण पुढे करून उरलेली मुलेही निघून जातात. २०२३ साली राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची संख्या चौदा हजारांहून अधिक होती. अशा शाळांतील मुलांना एकत्र आणून समूहशाळा उभाराव्यात, असा प्रस्ताव तेव्हा पुढे आला. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ यांचे दाखले देण्यात आले.

मोठ्या शाळेत अधिक शिक्षक, प्रयोगशाळा आणि खेळाचे मैदान मिळू शकते, हा युक्तिवाद नाकारता येत नाही. तथापि भोर किंवा राजगड तालुक्याच्या डोंगरी भागात पावसाळ्यात ओढा ओलांडून सात वर्षांच्या मुलीला दुसऱ्या गावी पाठवण्यास किती पालक तयार होतील, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. घराजवळची शाळा गेली, की प्रथम मुलींचे शिक्षण थांबते. शिक्षणहक्क कायद्यानुसार महाराष्ट्रात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हे जे तत्त्व ठरले, त्यामागे हीच जाणीव आहे.

खासगी शाळेकडे जाणाऱ्या पालकांना दोष देऊन भागणार नाही. मुलाला इंग्रजी यावे, ही त्यांची इच्छा रास्त आहे. मात्र राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते आणि अनेक जिल्हा परिषद शाळांनी सेमी-इंग्रजीचा मार्गही स्वीकारला आहे, ही माहिती पुष्कळ घरांपर्यंत पोहोचलेलीच नाही. पाठ्यपुस्तके, मध्यान्ह भोजन आणि गणवेश यांचा आर्थिक भार पालकांवर पडत नाही, ही गोष्ट मजुरीवर चालणाऱ्या घरासाठी लहान नसते.

पेढीचा आणि शाळेचा संबंध

घोडनदी, मंचर, राजगुरुनगर, दौंड, बारामती यांसारख्या बाजारपेठांतील व्यापारी कुटुंबांची बहुतेक मुले आज या शाळांत नाहीत. परंतु त्यांच्या दुकानाचे गिऱ्हाईक, दुकानातील कामगार, माल वाहणारा हमाल आणि आडतीवर धान्य आणणारा शेतकरी या सर्वांची मुले तेथेच शिकतात. बाजारपेठेची उद्याची पत त्या मुलांच्या हिशेबावर आणि वाचनावर अवलंबून आहे. म्हणून हा प्रश्न परक्याचा राहत नाही.

व्यापारी समाजाचे दातृत्व सर्वपरिचित आहे. वह्यावाटप, दप्तरे, पाण्याची टाकी, संगणक अशी मदत शाळांना वर्षानुवर्षे मिळत आली आहे. चाकण, रांजणगावच्या आसपासच्या शाळांना कारखान्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीचाही आधार मिळू शकतो. दूरच्या डोंगरी शाळेला मात्र तालुक्याची बाजारपेठच जवळची असते. तेथे वस्तूंइतकीच वेळेची आणि अनुभवाची गरज आहे. संगणक दिला, पण वीजबिल थकल्याने तो बंद पडला, अशा शाळेला दुसरा संगणक नको असतो. बिलाची तरतूद करणारा आणि दुरुस्तीसाठी माणूस पाठवणारा कोणीतरी हवा असतो.

कायद्याने याची वाट मोकळी ठेवली आहे. प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. उरलेल्या जागांत लोकप्रतिनिधी व शिक्षकांबरोबर शिक्षणाची जाण असलेल्या स्थानिक व्यक्तीलाही स्थान मिळू शकते. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही या समितीची कामे आहेत. जमाखर्च मांडणे, कोटेशन तपासणे, घेतलेल्या मालाची खात्री करणे ही कौशल्ये व्यापारी घरात लहानपणापासून अंगी येतात. एखाद्या समितीला तिची वही नीट लावून देणे हीसुद्धा देणगीच ठरेल, आणि तिची आठवण फरशीवर कोरलेल्या नावापेक्षा अधिक टिकेल.

अनेक जिल्हा परिषद शाळांत वर्षातून एकदा बाल आनंद मेळावा भरतो. मुले घरच्या मेथीच्या जुड्या, लिंबे, भेळ, शेंगदाण्याची चिक्की विकायला बसतात. भांडवल किती, विक्री किती, नफा किती याचा हिशेब त्यांना लिहून दाखवावा लागतो. त्या दिवशी तालुक्याच्या पेठेतील चार अनुभवी व्यापारी तेथे गिऱ्हाईक म्हणून गेले, मुलांशी भाव केला आणि सुटे पैसे मोजताना चूक झाली तर ती प्रेमाने दाखवून दिली, तर गणिताचा तो धडा कोणते मूल विसरेल? सोबत घरातील मुलांनाही न्यावे. आपल्या वयाचा मुलगा वाडीवरच्या शाळेत काय काय शिकतो, हे त्यांनाही कळेल.

जालिंदरनगरच्या पुरस्काराने इतर शाळांचे प्रश्न सुटलेले नाहीत. प्रत्येक वाडीला तसा शिक्षक लाभेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. परंतु तीन मुलांची शाळाही उभारी घेऊ शकते, हे तेथील शिक्षकांनी आणि ग्रामस्थांनी सिद्ध केले आहे. जूनच्या मध्यास शाळा उघडतात, नव्या मुलांचे फुले देऊन स्वागत होते आणि हजेरीपटाचे नवे पान सुरू होते. ज्या शाळांच्या त्या पानावर आज मोजकीच नावे आहेत, त्यांची आस्थेने विचारपूस करण्यास त्या दिवसाइतका चांगला मुहूर्त दुसरा नाही.