मध्यरात्रीच्या अलीकडे आणि पलीकडे

समजा, ३० जून २०२४ च्या रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी एका चालकाच्या हयगयीमुळे रस्त्यात माणूस दगावला. चालकाला भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-अ लागेल आणि जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होईल. हाच अपघात वीस मिनिटे उशिरा झाला, तर तारीख १ जुलै. त्या मध्यरात्री दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम १०६ मध्ये अशा मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. रस्ता तोच, चूक तीच, रडणारे घरही तसेच. शिक्षेत मात्र तीन वर्षांचे अंतर! पहिल्या चालकाविरुद्धची फिर्याद २ जुलैला नोंदवली, तरी नवे कलम त्याला शिवत नाही. घड्याळ बघायचे ते गुन्हा घडला त्या क्षणाचे.

हे बंधन थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मधून येते. कृत्य केले तेव्हा तो गुन्हा नसेल, तर मागाहून कायदा करून कोणाला दोषी ठरवता येत नाही. गुन्हा असेल, तर तेव्हाच्या कायद्यापेक्षा कडक शिक्षा देता येत नाही. संसदेलाही नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर तर आणीबाणीतसुद्धा या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट अडवता येत नाही.

पश्चिम बंगालमधल्या एका खटल्यात हा हिशेब रुपयांत मांडला गेला. फसवणूक १९४७ ची. लाटलेल्या रकमेइतका जादा दंड ठोठावण्याची तरतूद आली १९४९ मध्ये. खालच्या न्यायालयाने दंड केला ५०,००० रुपये, त्यातले ४७,५५० या नव्या तरतुदीपोटी. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेवढी रक्कम टिकणार नाही असे सांगितले. दोषी ठरलेल्या माणसालाही हे संरक्षण मिळते, याचे मला फार मोल वाटते.

पण कायदा मागे वळून दया करू शकतो का? गुडगाव जिल्ह्यातल्या १६ वर्षांच्या एका मुलाला मे १९६२ मध्ये सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. कोवळ्या वयाच्या गुन्हेगारांना शक्यतो तुरुंगात न धाडणारा प्रोबेशनचा कायदा त्या जिल्ह्यात पोचला सप्टेंबरमध्ये, म्हणजे शिक्षा सुनावून झाल्यावर. तरीही १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी बहुमताच्या निकालात त्याला या कायद्याचा लाभ खुला केला: शिक्षेची धार कमी करणाऱ्या कायद्याला अनुच्छेद २० आडवा येत नाही. मागे जाऊन कठोर होता येत नाही, सौम्य मात्र होता येते!

खटला कोणत्या न्यायालयात, कोणत्या रीतीने चालवायचा, हे मात्र नंतर बदलू शकते. अनुच्छेद २० चे हे संरक्षण दोषी ठरवणे आणि शिक्षा यांपुरते आहे.

गुन्हा आणि शिक्षा ठरते ती त्या क्षणाच्या कायद्याने; म्हणूनच दंड संहिता रद्द झाली तरी संपलेली नाही. खुनाच्या गुन्ह्याला मुदतीची मर्यादा नसते. १ जुलै २०२४ पूर्वीचा खून वीस वर्षांनी उघडकीस आला, तरी आरोपपत्रावर जुने कलम ३०२ च लिहावे लागेल.